दम धरण्याची विद्या : हिमालयातील उंची आणि पूर्वतयारीचा इतिहास

उंच पर्वतावरील पदभ्रमणाची तयारी म्हटली की पिळदार पोटऱ्या, पाठीवरची जड सॅक आणि पहाटेचा व्यायाम एवढेच सहसा नजरेसमोर येते. परंतु समुद्रसपाटीपासून साधारण २५०० मीटरच्या वर जाणाऱ्या माणसाला दोन निरनिराळ्या गोष्टी कमवाव्या लागतात आणि त्या दोहोंतील फरक नीट उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. पहिली गोष्ट म्हणजे कस, अर्थात चढउतार आणि ओझे सोसण्याची स्नायूंची व हृदयाची ताकद. दुसरी म्हणजे सवय, अर्थात विरळ हवा शरीराच्या अंगवळणी पडणे, ज्याला गिर्यारोहक ‘अ‍ॅक्लमटायझेशन’ म्हणतात. कस घरी राहून कमावता येतो, सवय मात्र त्या त्या उंचीवर दिवस काढल्यावाचून लागत नाही. मराठीतील ‘दम’ या शब्दात या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात, कारण फारसीतून आलेला दम म्हणजे श्वास, तर संस्कृतातील दम म्हणजे स्वतःला आवर घालणे. म्हणूनच ‘अंगात दम असणे’ आणि ‘दम धरणे’ हे दोन वाक्प्रचार एकच शब्द वापरूनही वेगवेगळ्या वृत्ती सांगतात. हिमालयातील पूर्वतयारीचा इतिहास पाहिला तर पहिल्या वृत्तीचा गवगवा अधिक झाला, पण माणसे वाचवली ती दुसऱ्या वृत्तीने, असे दिसून येते.

उंचीच्या त्रासाच्या नोंदी प्राचीन आहेत. चीनमधील हान राजवटीच्या इतिहासग्रंथात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका अधिकाऱ्याच्या निवेदनात, पश्चिमेकडील देशांना जाणाऱ्या वाटेवरचे ‘मोठ्या डोकेदुखीचा डोंगर’ आणि ‘लहान डोकेदुखीचा डोंगर’ असे दोन डोंगर येतात. तेथे माणसाला ताप भरतो, चेहऱ्याचा रंग उडतो, डोके दुखते, वांत्या होतात आणि गाढवे-गुरेही त्यातून सुटत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. सोळाव्या शतकात मिर्झा हैदर दुघलात या मध्य आशियाई सरदाराने लडाख आणि तिबेटवर स्वारी केली आणि पुढे ‘तारीख-इ-रशीदी’ या ग्रंथात तेथील ‘दमगिरी’ नावाच्या व्याधीचे, म्हणजे श्वास पकडून ठेवणाऱ्या दुखण्याचे, वर्णन केले. ही व्याधी परक्या माणसालाच जडते, स्थानिकांना तिचा त्रास होत नाही आणि घोडेही तिला बळी पडतात, ही त्याची निरीक्षणे आजही चोख ठरतात. त्याचा धनी, यारकंदचा सुलतान सईद खान, लडाखहून परतताना १५३३ साली याच दमगिरीने दगावला. काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डी या ठिकाणाच्या नावाचा अर्थ ‘दौलत बेग जेथे मरण पावला ती जागा’ असा होतो आणि त्या नावाचा संबंध अनेकदा याच सुलतानाशी जोडला जातो.

पर्वतात राहणाऱ्या लोकांनी या त्रासाला आपापली नावे दिली होती. नेपाळीत आजही ‘लेक लागणे’ असेच म्हणतात आणि तेथे ‘लेक’ म्हणजे डोंगराचा उंच पट्टा. गढवाल-कुमाऊँकडील लोक त्याला ‘बिस’, म्हणजे विष, म्हणत आणि उंचावरच्या फुलांचा किंवा वनस्पतींचा दर्प हवेत मिसळून ती विषारी होते, अशी त्यांची समजूत असल्याचे एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी नोंदवले आहे. तिबेटी भाषेतही खिंडीचे विष अशा अर्थाचा शब्द रूढ होता. कारणाचा हा अंदाज चुकला होता, पण त्यामागचे निरीक्षण चुकले नव्हते, कारण दुखणे माणसाच्या अंगात नसून जागेत आहे आणि जागा सोडून खाली उतरले की ते सुटते, हा उपचाराचा गाभा त्या समजुतीत होताच.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की जुन्या यात्रेच्या चालीतच सावधगिरी मुरलेली होती. हरिद्वार-ऋषीकेशहून बद्रीनाथ आणि केदारनाथ येथे जाणारा यात्रेकरू गंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठाने पायी निघे आणि दर काही मैलांवर असलेल्या ‘चट्टी’वर, म्हणजे दुकान, शिधा आणि आडोसा देणाऱ्या छोट्या पडावावर, मुक्काम करत पुढे सरके. अहिल्याबाई होळकरांनी त्या तीर्थांच्या ठिकाणी बांधलेल्या धर्मशाळा आणि नंतर काली कमलीवाले बाबांच्या संस्थेने उभारलेली निवासस्थाने व अन्नछत्रे यांनी या मार्गाला आधार दिला. कित्येक दिवसांच्या या चालण्यात शरीर नकळत चढत्या उंचीला सरावे, पायांना वळण लागे, आणि ज्याचा दम टिकत नसे तो एखाद्या चट्टीवरच मागे राही. उंचीचे शास्त्र कोणालाही ठाऊक नसताना ते पाळले जात होते, कारण वेगाने जाण्याचे साधनच नव्हते. थंडी, हगवण, पटकी आणि दरडी यांनी त्या वाटेवर माणसे मोठ्या संख्येने मरत, म्हणून तो काळ सुरक्षित होता असे म्हणता येणार नाही. पण एका दिवसात दोन-तीन हजार मीटर वर जाण्याचे संकट त्या काळाने पाहिले नव्हते.

उंचीवर नेमके काय बिघडते याचा उलगडा युरोपात हळूहळू झाला. स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे आकोस्ता याने १५९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पेरूमधील पारियाकाका पर्वत ओलांडताना झालेला त्रास वर्णिला आणि तेथील हवा माणसाच्या श्वासाला पुरे पडू नये इतकी सूक्ष्म आहे, असा तर्क मांडला. टॉरिचेल्लीच्या वायुभारमापकाने सतराव्या शतकात हवेला वजन असते हे दाखवले आणि उंच जावे तसा हा भार कमी होतो, हेही लवकरच सिद्ध झाले. हिमालयात त्या ज्ञानाचा उपयोग आधी मोजणीसाठी झाला. भारतीय सर्वेक्षण खात्याचे नैनसिंह रावत १८६५-६६ च्या ल्हासा प्रवासात उकळत्या पाण्यात तापमापक बुडवून उंची काढत, कारण दर ३०० मीटरमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरतो. उंचावरच्या तळावर डाळ तासन्‌तास शिजत नाही आणि प्रेशर कुकरवाचून स्वयंपाक अडतो, त्यामागेही हेच कारण आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते, पण भार घटल्याने तो रक्तात ढकलला जाण्याचा जोर उतरतो. ५५०० मीटरवर हवेचा भार समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सुमारे एक तृतीयांश उरतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने बंद कोठड्यांत हवेचा दाब कमी-जास्त करून हे कार्यकारण सिद्ध केले आणि १८७८ साली त्यावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याच्या तीन वर्षे आधी घडलेला एक अपघात सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. एप्रिल १८७५ मध्ये ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच वायुप्रवासी ८००० मीटरच्या वर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायूच्या पिशव्या होत्या, तरी त्यांतील दोघे मरण पावले, कारण पिशवीची गरज जाणवेपर्यंत ती तोंडाशी नेण्याची शक्ती आणि शुद्ध दोन्ही हरपली होती. मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणसाला सर्वप्रथम स्वतःच्या बिघाडाचीच जाणीव उरत नाही. उंचीवर एकट्याने जाऊ नये, आजारी माणसाला एकटे खाली पाठवू नये आणि ‘मी ठीक आहे’ या त्याच्या शब्दावर विसंबू नये, हे आजचे नियम याच अनुभवाच्या पायावर उभे आहेत.

आजाराची नीट वर्गवारी १९१३ साली झाली. चिलीतील उंच खाणींवर काम करणाऱ्या टी. एच. रेव्हनहिल या डॉक्टरने, समुद्रकिनाऱ्यावरून रेल्वेने वर येणाऱ्या माणसांची प्रकृती पाहून, तेथे ‘पुना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचे तीन प्रकार वर्णिले. साध्या प्रकारात डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश. दुसऱ्यात धाप, खोकला आणि फेसाळ थुंकी. तिसऱ्यात झोकांड्या, भ्रम आणि बेशुद्धी. रेल्वेने आलेली माणसे चालून थकलेली नसत, त्यामुळे हा त्रास श्रमांचा नसून उंचीचाच आहे, हे येथे उघड झाले. आजच्या वैद्यकात पहिल्या प्रकाराला तीव्र गिरिव्याधी, दुसऱ्याला फुफ्फुसांत पाणी भरणे आणि तिसऱ्याला मेंदूला सूज येणे असे म्हणतात आणि नंतरचे दोन्ही काही तासांत प्राणघातक ठरू शकतात. रेव्हनहिलचा हा निबंध पुढे कित्येक दशके विस्मरणात गेला आणि तोवर फुफ्फुसांत पाणी भरून मेलेली माणसे न्यूमोनियाने गेली असेच समजले जात राहिले.

याच सुमारास हिमालयात अलेक्झांडर केलस हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ शेर्पा साथीदारांना घेऊन सिक्कीमची शिखरे चढत होता आणि उंची व श्वसन यांचा हिशेब मांडत होता. उत्तम प्रकृतीचा आणि उंचीला सरावलेला माणूस बाहेरचा प्राणवायू न घेताही एव्हरेस्ट गाठू शकेल, असा निष्कर्ष त्याने १९२० च्या सुमारास काढला आणि राइनहोल्ड मेस्नर व पेटर हाबेलर यांनी ८ मे १९७८ रोजी तो खरा करून दाखवला. केलस स्वतः मात्र १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत, आधीच्या चढायांनी झिजलेल्या आणि आजाराने खंगलेल्या शरीरानिशी, पर्वताजवळ पोहोचण्यापूर्वीच कांपा झोंगजवळ मरण पावला. उंचीची एवढी सवय आणि एवढे ज्ञान असूनही विश्रांतीवाचून शरीर टिकत नाही, ही नोंद त्याच्या मृत्यूने केली.

एव्हरेस्टवरील पुढच्या तीस वर्षांत पूर्वतयारीचे तपशील एकेक करून जमा झाले. १९५२ च्या स्विस मोहिमेत रेमाँ लाँबेर आणि तेनझिंग नोर्गे यांनी सुमारे ८४०० मीटरवर एक रात्र स्टोव्हवाचून काढली आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर डब्यात बर्फ वितळवून घोटभर पाणी मिळवले. दुसऱ्या दिवशी शिखर आवाक्यात दिसत असूनही त्यांना परतावे लागले. ग्रिफिथ प्यू या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने अशा अनुभवांवरून ताडले की थंड, कोरड्या हवेत जोराने श्वास घेताना अंगातले पाणी झपाट्याने घटते आणि निर्जल शरीर थंडीपुढे व थकव्यापुढे लवकर नमते, म्हणून इंधन हे चैनीचे ओझे नसून पाण्याचाच साठा होय. १९५३ च्या मोहिमेत त्याच्या सल्ल्याने पाण्याचे, अन्नाचे आणि प्राणवायूच्या प्रवाहाचे प्रमाण ठरवण्यात आले. पण त्या मोहिमेच्या दैनंदिनीत लक्ष वेधून घेते ती तिची संथ सुरुवात : १० मार्चला काठमांडू खोऱ्यातून निघालेली तुकडी सतरा दिवस चालत सुमारे ३८६० मीटरवरील तेंगबोचे मठापाशी पोहोचली आणि त्यानंतर सुमारे तीन आठवडे तिने भोवतालच्या लहान शिखरांवर चढउतार करण्यात घालवले. २९ मे रोजी तेनझिंग आणि एडमंड हिलरी माथ्यावर उभे राहिले त्यामागे वाटचालीत आणि उंचीवर काढलेले हे अडीच महिने होते.

सवयीलाही मर्यादा असते हे १९६०-६१ च्या हिवाळ्यात कळले. हिलरी आणि प्यू यांच्या पुढाकाराने अमा दब्लम शिखराजवळ सुमारे ५८०० मीटरवर ‘सिल्व्हर हट’ ही चंदेरी रंगाची झोपडी उभारून शास्त्रज्ञ तेथे काही महिने राहिले. त्यांची प्रकृती बऱ्यापैकी जमली, तरी वजन घटतच राहिले. त्या पातळीच्या वर शरीर सरावत असतानाच झिजतही असते, त्यामुळे तेथे जितके थांबावे तितके बळ वाढेल असे समजणे चुकीचे ठरते.

भारतात हे ज्ञान युद्धाच्या निकडीने वाढले. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात आणि त्यानंतर मैदानी प्रदेशातले हजारो जवान विमानांनी आणि ट्रकांनी थेट उंचावर नेले गेले आणि त्यांपैकी अनेकजण शत्रूची गोळी न लागताच आजारी पडले. लेहच्या रुग्णालयातील अनुभवावर आधारलेला, फुफ्फुसांत पाणी भरलेल्या १०१ रुग्णांचा मेनन यांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ११,००० ते १८,००० फुटांवरच्या १९२५ जवानांच्या गिरिव्याधीचा अहवाल जगापुढे ठेवला. या विषयावरील जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी तो एक होता.

लष्कराने त्यातून घडवलेले वेळापत्रक साधे आणि कडक आहे. ९००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस काढायचे. त्यांतले पहिले दोन विश्रांतीचे, फार तर आवारात फेरी मारण्याचे. पुढचे दोन सपाटीवर दीड ते तीन किलोमीटर सावकाश चालण्याचे. शेवटचे दोन पाच किलोमीटरपर्यंत चालण्याचे आणि ३०० मीटरपर्यंत चढण्याचे. त्यानंतर १५,००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याही वर जायचे असल्यास आणखी चार दिवस. या दिवसांना शरीरशास्त्रीय कारण आहे : उंचीवर श्वास वाढतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो, मूत्रपिंडे जादा अल्क बाहेर टाकून हा लगाम सैल करतात, पण त्या कामाला काही दिवस लागतात. डायमॉक्स या नावाने ओळखली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी हीच क्रिया थोडी लवकर घडवते, दिवसांची गरज मात्र मिटवत नाही आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी लागते. तांबड्या पेशी पुरेशा वाढण्यास तर आठवडे जातात.

स्वातंत्र्योत्तर काळात पूर्वतयारी नागरिकांपर्यंतही पोहोचली. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ साली आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ साली सुरू झाली. तेथील प्राथमिक अभ्यासक्रमात दोरकामाइतकेच महत्त्व टप्प्याटप्प्याने वर जाण्याला होते. परंतु याच दशकांत वेगाची साधनेही आली. गढवालात मोटररस्ते वर सरकले आणि चट्ट्या ओस पडत गेल्या. नेपाळात १९६४ साली लुक्ला येथे धावपट्टी झाली आणि १९५३ च्या मोहिमेने दोन आठवडे चालून पार केलेले अंतर तासाभरावर आले. त्याची किंमत पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मोजली गेली. ४२४३ मीटरवरील फेरिचे येथे तपासलेल्या २७८ पदयात्रींपैकी ५३ टक्क्यांना गिरिव्याधी जडली होती आणि विमानाने लुक्लाला उतरून आलेल्यांत तिचे प्रमाण पायी आलेल्यांपेक्षा जास्त होते. त्यानंतर रूढ झालेले नियम थोडक्यात असे : ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच मुक्कामी थांबावे, दिवसा उंच चढले तरी झोपायला खाली यावे, लक्षणे असताना वर जाऊ नये आणि ती वाढत असतील तर रात्र असली तरी खाली उतरावे.

यात्रांनाही शिस्त लावावी लागली. १९८१ साली पुन्हा सुरू झालेल्या कैलास-मानसरोवर यात्रेत यात्रेकरूची तपासणी आधी दिल्लीत आणि नंतर गुंजी येथे होऊ लागली; गुंजीच्या मुक्कामात भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे डॉक्टर रक्तदाब आणि श्वसन पाहतात आणि वाढलेला आकडा उतरला नाही तर वर्षानुवर्षे पैसे साठवून आलेल्या भाविकालाही तेथूनच परत पाठवतात, कारण पुढे साडेपाच हजार मीटरहून उंच असलेली डोल्मा खिंड ओलांडायची असते. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथच्या वाटेवर अवेळी झालेल्या हिमवर्षावात आणि पावसात दोनशेहून अधिक यात्रेकरू गारठून आणि थकून मरण पावले; त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीच्या शिफारशींनंतर यात्रेकरूंच्या संख्येवर आणि प्रकृतीवर बंधने आली आणि पुढे वैद्यकीय दाखला सक्तीचा झाला. त्या दुर्घटनेने दाखवले की विरळ हवेइतकाच ओल्या कपड्यांतला गारठाही मारक असतो.

महाराष्ट्राचा या परंपरेशी संबंध सह्याद्रीमार्गे जुळतो. पुण्यातील गिर्यारोहक पर्वतीच्या पायऱ्यांवर आणि पाठीवर वजन घेऊन सिंहगडावर सराव करतात, मुंबईकर इमारतींचे जिने चढतात-उतरतात. सुरेंद्र चव्हाण यांनी १९९८ साली गाठलेल्या आणि ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी २०१२ साली गाठलेल्या एव्हरेस्ट शिखरामागे अशाच सरावाची वर्षे आहेत. हा सराव कसाच्या बाबतीत उत्तम आहे, कारण कातळातल्या उभ्या चढाने श्वास आणि पोटऱ्या तयार होतात, लांब उताराने गुडघे व मांड्या झटके सोसायला शिकतात आणि भिजलेल्या वाटेने तोल सावरण्याची सवय लागते. पण कस असलेल्या माणसाला गिरिव्याधी होत नाही, हा समज अनेक पाहण्यांनी खोटा ठरवला आहे. उलट तगडा माणूस भराभर चढून जातो आणि सवयीचे दिवस गाळतो, म्हणून संकट त्याच्यावर आधी येते.

कस आणि सवय यांतला हा फरक नकाशावर तपासून पाहता येतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि गिरिव्याधीची सीमा साधारण २५०० मीटरवर सुरू होते. याचा अर्थ असा की या राज्यात कितीही डोंगर चढले तरी सवयीची पहिली पायरीसुद्धा येथे ओलांडता येत नाही आणि मुंबईहून विमानाने काही तासांत लेहला उतरणारा तरबेज ट्रेकर उंचीच्या हिशेबात नवखाच असतो. तयारीचा तो भाग हिमालयात पोहोचल्यावरच, दिवस मोजून, करावा लागतो; कार्यालयातील रजेच्या अर्जात ते दिवस धरलेले नसतील, तर सहा महिन्यांचा व्यायाम झालेला असूनही तयारी अपुरीच आहे.